सिरोंच्याची लाँच सावरघाटला

आमच्या सावरघाटला लाँच आली त्याला बरेच दिवस झाले. तरी चामोर्शीच्या बाजारात कोणी ओळखीचं भेटलं की अजून तोच प्रश्न येतो, "बाई, तुम्ही सिरोंच्याहून नदीतून आल्या म्हणे?" आले. चार दिवस लागले. एसटीनं हाडं खिळखिळी करत का होईना, एका दिवसात झाला असता तो प्रवास. विचारणाऱ्यांना वाघाच्या आणि मगरीच्या गोष्टी हव्या असतात. वाघ दिसला नाही. मगर एकच दिसली, तीही वाळूवर झोपलेली, आमच्या इंजिनाच्या आवाजानंही तिनं डोळा उघडला नाही. जे ऐकलं ते मात्र भाजीच्या पाटीपाशी उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

आधी या उपद्व्यापाचं कारण सांगायला हवं. सावरघाट वैनगंगेच्या पश्चिम काठावर, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात. जवळचा दवाखाना चामोर्शीला, नदीच्या पलीकडे. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमची नदी दोन जिल्ह्यांची हद्द झाली, पण पूल काही झाला नाही. मी इथल्या उपकेंद्राची नर्स. माहेर वरोऱ्याकडचं. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातल्या देवांबरोबर भुतंही बाहेर काढली, त्यामुळे मी या बाबतीत निर्धास्त वाढले. गावात कोणाला बाहेरचं झालं म्हणून बोलावणं आलं की मी थर्मामीटर घेऊन जाते.

मागच्या वर्षी भाद्रपदात शेवंता नावाची पहिलटकरीण आमच्या घाटावर दगावली. झटके येत होते, बाळंतपण माझ्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. खाटेवर घालून तिला घाटावर आणलं तेव्हा दिवेलागण झाली होती. नदी ओलांडायचा डोंगा पलीकडच्या काठाला होता. मी हाका मारल्या. डोंगा आला नाही. शेवंता त्या खाटेवरच गेली, पोटातल्या बाळासकट. एकोणीस वर्षांची होती.

डोंगा पतरूभाऊ ढीवराचा. त्याच्या आज्यापासून हा घाट त्यांच्याकडे. त्या संध्याकाळबद्दल आम्ही दोघांनी एकमेकांशी कधी चकार शब्द काढला नाही. मी त्याच्या डोंग्यातून जात-येत राहिले, तो मला हात देऊन उतरवत राहिला, पण मनातून मी त्याला माफ केलं नव्हतं. प्यायला असेल, झोपला असेल, नाही तर 'कोण जाईल आता' म्हणून बसून राहिला असेल, असं मी धरून चालले होते. माझा राग असा गप्प राहून टिकणारा आहे, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे.

मग मी मोटारबोटीचा ध्यास घेतला. अर्ज केले, वर्गणी गोळा केली, सरपंचांचं डोकं खाल्लं. शेवटी गाव कबूल झालं, पण एका अटीवर. पतरूभाऊ चालवेल तर बसू, नाही तर नाही. पूर आलेल्या नदीत ते दुसऱ्या कोणाच्या हातात जीव द्यायला तयार नव्हते, आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. पतरूभाऊला विचारलं तर तो म्हणाला, "पाहू." त्या एका शब्दावर मी सगळा डाव मांडला. तो नाही म्हणाला असता तर घाटावर एक कुजणारी लाँच आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एक खाट, एवढंच माझ्या हाती राहणार होतं.

पत्र्याची बोट

पहिली बोट आम्ही चंद्रपूरच्या बाजूला एका धरणावर पाहिली. आम्ही म्हणजे मी, पतरूभाऊ आणि चामोर्शीचा रशीद मिस्त्री. रशीद शेतांवरचे डिझेल पंप दुरुस्त करतो आणि इंजिनाशी माणसाशी बोलावं तसं बोलतो. माणसांशी मात्र कमी. बोट उलटी घालून ठेवली होती आणि तिच्याखाली चौकीदाराच्या कोंबड्या बसल्या होत्या. "एकदम चालू कंडिशन," चौकीदार म्हणाला. रशीदनं हातोडीनं हलकेच ठोकून पाहिलं, तर हातोडी आतच गेली.

"बाई, ये बोट नही है, चाळणी है," तो म्हणाला. पतरूभाऊ हसला. वर्षभरात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि मला त्याचाही राग आला.

सिरोंच्याच्या लाँचची खबर बांबूच्या ट्रकवाल्याकडून लागली. कोणा ठेकेदाराची होती. ठेका संपला, ठेकेदार आपल्या मुलखात गेला, लाँच चार वर्षं राखणदाराकडे पडून होती. दिवाळी उरकली, नदीला अजून भरपूर पाणी होतं. आम्ही निघालो.

सिरोंचा

सिरोंच्याला उतरलं की आपण महाराष्ट्रात आहोत हे स्वतःला सांगावं लागतं. पाट्या दोन लिप्यांत, बोलणं तेलुगू, सकाळी इडली आणि कानातून धूर काढणारी चटणी. दुपारी भातावर अंबाडीची भाजी वाढली. आमच्याकडे अंबाडीत डाळ-कण्या घालून तिचा आंबटपणा मोडतात, इथं तो सांभाळून ठेवतात. पतरूभाऊनं तीनदा भात घेतला. रशीद नुसतं ताक पिऊन उठला.

राखणदाराचं नाव राजय्या. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा, साठीच्या पुढचा. लाँच प्राणहितेच्या काठाला एका वडाखाली बांधलेली होती. लाकडी, लांबट, वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना बाकं, पुढं गाडीसारखं चाक. चार वर्षं पडून असलेल्या लाँचमध्ये जाळी-जळमटं असतील म्हणून मी जुनं लुगडं नेसून गेले होते. आत तर केरसुणी फिरवलेली होती.

रशीदनं हँडल मारलं आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागलं. त्याच्या तोंडावर आनंद दिसायला हवा होता. तो राजय्याकडे संशयानं पाहायला लागला. "चार साल बंद इंजन ऐसा नही लगता, चाचा."

"बंद नाही," राजय्या सावकाश मराठीत म्हणाला. "रोज संध्याकाळी चालवतो. एक तास."

"कशाला?" मी विचारलं. "लाँच तर कुठं जात नाही."

"बंद ठेवलं की ऐकायला येतं, अम्मा."

"काय ऐकायला येतं?"

त्याची बायको काठावरच्या घराच्या दारात उभी होती, ती आत गेली. राजय्यानं नदीकडे पाहिलं. "नदी मोठी आहे. लोक हाक मारतात."

"हाक मारतात तर घ्यायला जायचं," मी म्हणाले. लस चुकवणाऱ्या आयांशी बोलायचा माझा एक आवाज आहे, तोच लागला.

"जात होतो," तो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाचं खूळ, दुसरं काय. डिझेल फुकट जाळतो म्हणून थोडी कीवही आली.

लाँचचे पैसे मोजले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. निरोपाला राजय्या, त्याची बायको आणि दोन सुना काठावर आल्या होत्या. दोर सुटला आणि चौघांनी एकदम नदीकडे पाठ केली. कोणी हात हलवला नाही. आमच्याकडे माणूस दिसेनासा होईपर्यंत फाटकात उभं राहायची रीत, त्यामुळे मला ते फार लागलं. पतरूभाऊनं ओंजळभर पाणी घेऊन लाँचच्या नाकावर टाकलं आणि बांबू घेऊन पुढं जाऊन उभा राहिला.

प्राणहितेवर

प्रवाहाच्या उलट चाललो होतो. डाव्या हाताला आंध्र, उजव्या हाताला आपला मुलूख, दोन्हीकडे सागवान आणि मध्ये हे रुंद, शांत पाणी. चाक रशीदकडे. पतरूभाऊ पुढं उभा राहून पाण्याचा रंग बघायचा आणि हातानं खुणा करायचा. डावीकडे, उजवीकडे, हळू. खडक कुठं आहे हे त्याला पाण्यावरच्या सुरकुतीवरून कळायचं. ही नदी त्याच्या ओळखीची नव्हती, तरी त्याची एकही खूण चुकली नाही. चाकाला मात्र तो हात लावत नव्हता. रशीदला बिडी ओढायची असली की चाक मी धरायचे.

"धरा ना भाऊ थोडा वेळ," मी म्हटलं.

"मले वल्ह्याची सवय हाय, बाई."

दुपारपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नदीकाठच्या गावात इंजिनाचा आवाज आला की माणसं धावत यायला हवीत. जीप आली तरी आमचं अर्धं गाव रस्त्यावर येतं. इथं कोणी येत नव्हतं. झाडांमागं घरं दिसायची, धूर दिसायचा, कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. एका वळणावर एक बाई पाणी भरत होती. आमचा आवाज ऐकून ती सरळ उभी राहिली, भरलेली घागर नदीत रिकामी केली आणि रिकामी घागर घेऊन वर निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही. रशीद गाणं गुणगुणत होता, तो थांबला.

उजेड जायच्या आत एका वाळूच्या बेटाला लाँच लावली. इंजिन बंद केलं. दिवसभर कानात तो धडधडाट असल्यामुळे शांतता अंगावर आली. टिटवी ओरडली, मग तीही गप्प झाली. मी तांदूळ धुवायला वाकले होते.

"ओऽऽऽ..."

लांबून, पलीकडच्या काठावरून. डोंग्याला हाक मारतात तशी, शेवटी ओढलेली. बाईची की माणसाची ते कळत नव्हतं. मी उठून उभी राहिले. काठावर झाडांची काळी रांग, बाकी काही नाही. पुन्हा आली. "ओऽऽऽ..." मी ओ द्यायला तोंडापाशी हात नेले, तेवढ्यात पतरूभाऊनं माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत उतरताना दिलेला हात सोडला तर त्यानं मला कधी हात लावला नव्हता.

"थांबा. तिसरी येऊ द्या."

आम्ही थांबलो. तिसरी आली नाही.

"कोणी अडकलं असेल तिकडे. आजारी असेल," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, त्यात मागच्या वर्षीचाही राग होता. "तिसरी म्हणजे काय? माणसानं घसा फोडून घ्यायचा का?"

तो काटक्या गोळा करायला गेला. रशीद उठला आणि त्यानं इंजिन सुरू केलं. लाँच जागेवर बांधलेली, इंजिन चालू. भात शिजेपर्यंत त्यानं ते बंद केलं नाही. राजय्या रोज संध्याकाळी काय करत होता, ते मला तेव्हा कळलं.

खडकांपाशी

दुसऱ्या दिवशी नदी खडकांनी अडवलेली लागली. पाणी चार-पाच धारांनी खळाळत उतरत होतं. पतरूभाऊनं अर्धा तास नुसतं पाहण्यात घालवला आणि एक धार निवडली. मध्यावर खट् आवाज झाला आणि लाँच मागं सरकायला लागली.

"इंजनले काही नाई झालं," रशीद ओरडला. "पंख्याची पिन गई!"

पतरूभाऊ दोर दातात धरून पाण्यात उतरला आणि खडकाला वेढा दिला, म्हणून आज मी हे लिहिते आहे. रशीदनं मोडलेल्या पिनेच्या जागी खिळा कापून बसवला. तो मध्येच मोडला, मग दुसरा. लाँच वर ओढायला माणसं लागणार होती. जवळच्या गोंडांच्या गावातून दहा-बाराजण आले. आमचं मराठी त्यांना अर्धं कळत होतं, त्यांचं गोंडी आम्हाला मुळीच नाही, पण दोर ओढायला भाषा लागत नाही. काम झाल्यावर त्यांनी आम्हाला आंबील पाजली. पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, बसा, पुढच्या वळणापर्यंत फिरवून आणतो. सगळे हसले, पण एकजणही बसला नाही.

त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "संध्याकाळी कुठी थांबता?"

"पुढं वाळू असेल तिथं."

"नोका थांबू," तो म्हणाला. "चालत राहा."

पण अंधारात अनोळखी खडकांतून चालत राहणं शक्य नव्हतं. थांबलो. रशीद इंजिन चालूच ठेवणार होता, मीच बंद करायला लावलं. डिझेल पुरवायचं होतं हे खरं. पण खरं तर मला त्या दोघांना दाखवून द्यायचं होतं की काल कोणी गुराखी ओरडला असेल, आज काही ऐकू येणार नाही.

आलं. दोनदा. कालच्याइतक्याच लांबून, जणू काठ आमच्याबरोबर चालत आला होता.

मग पतरूभाऊ विस्तवाकडे पाहत म्हणाला, "आमच्यात रीत हाय, बाई. बापानं सांगतली, त्याले त्याच्या बापानं. दिवे लागल्यावर पयल्या हाकेले डोंगा सोडाचा नाई. दुसऱ्या हाकेले बी नाई. तिसरी आली तं समजाचं, मानूस हाय. त्याले तिसरी मारता येत नाई."

"कोणाला?"

"जो काठावर राहून गेला, त्याले."

मी हसायला तोंड उघडलं. आणि ते तसंच राहिलं.

भाद्रपदातली ती संध्याकाळ मी मनातल्या मनात पुन्हा पाहिली. पहिली हाक मी खाटेजवळ उभी राहून मारली. दुसरी पाण्यापर्यंत धावत जाऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून. तेवढ्यात मागून शेवंताची सासू किंचाळली, शेवंताला मोठा झटका आला होता. मी मागं धावले, खाट आणणारेही तिच्याभोवती जमले; हाका बाई मारतेच आहे असं ज्याला त्याला वाटलं असेल. तिचं डोकं धरलं, कुशीवर केलं, जीभ चावू नये म्हणून पदर दातात घातला. मग तो झटका थांबला आणि शेवंताही थांबली. त्यानंतर डोंग्याची गरज उरली नाही.

तिसरी हाक मी मारलीच नव्हती. सहा वर्षं मी त्या घाटावरून जात-येत होते, शेकडो वेळा, पण दिवसाउजेडी. दिवे लागल्यानंतरची रीत मला कोणी सांगितली नव्हती, कारण ती मला माहीत नसेल असं कोणाच्या मनातही आलं नसेल. सावरघाटचं शेंबडं पोरसुद्धा तीनदा हाक मारतं. त्या रात्री मी वाळूवर डोळे उघडे ठेवून पडून होते, आणि पतरूभाऊशी बोलायचं धाडस मला झालं नाही.

वैनगंगा

तिसऱ्या दिवशी अहेरीच्या बाजूला घाटावर पोलिसांनी थांबवलं. तिघांनाही उतरवून विचारपूस केली. बाई, मिस्त्री आणि ढीवर सिरोंच्याहून बोट घेऊन कशाला चाललेत, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या बसेना. मी माझी औषधांची पेटी उघडून दाखवली, त्यातून एका शिपायाच्या पोरासाठी जंताच्या गोळ्या दिल्या, तेव्हा सुटका झाली. चहासुद्धा मिळाला. ती संध्याकाळ आम्ही घाटावरच काढली, दिव्यांत, माणसांत, ट्रान्झिस्टरच्या आवाजात. काही ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी वर्धा आणि वैनगंगा मिळतात तिथं पोचलो. दोन्ही नद्यांचं पाणी थोडा वेळ वेगवेगळ्या रंगांनी बाजूबाजूनं चालतं, मग त्यांची प्राणहिता होते. आम्ही उजवीकडे आमच्या नदीत वळलो. आष्टीला लाखोळीच्या डाळीचे वडे खाल्ले. "काऊन बाई, कुठून येऊन राह्यल्या?" असं कानावर पडलं तेव्हा घर आल्यासारखं वाटलं. काठावर पोरं धावत आली. रशीद पुन्हा गुणगुणायला लागला. दिवस मावळेपर्यंत सावरघाट गाठू, असा त्याचा हिशेब होता.

तो थोडक्यात चुकला. घर दोन वळणांवर राहिलं असताना इंजिन तापलं. पाणी ओढायच्या नळीत शेवाळ अडकलं होतं. रशीदनं इंजिन बंद केलं आणि नळी सोडवायला बसला. पतरूभाऊनं बांबू रोवून लाँच थोपवून धरली. उजेड जवळजवळ गेला होता, पलीकडच्या गावात दिवे लागले होते.

हाक आली. आमच्या काठावरून, पश्चिमेकडून.

या वेळी ती लांब नव्हती, आणि अस्पष्टही नव्हती. बाईचा आवाज. थोडा घोगरा, 'ओ'च्या शेवटी वर चढणारा. माणूस स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकत नाही म्हणतात. मी ऐकला. पतरूभाऊनं वळून माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते, दोन्ही हात बाकाच्या कडेला घट्ट धरलेले होते.

दुसरी आली. त्या हाकेत घाई होती. ती मी ओळखते, पाण्यापर्यंत धावत आल्यावर लागलेला दम होता तो.

पतरूभाऊनं बांबू उपसून आत टाकला. "लाव इंजन," तो रशीदला म्हणाला.

"भाऊ, तिसरी—" रशीद म्हणाला.

"लाव म्हनतो ना."

इंजिन लागलं. पतरूभाऊनं चाक धरलं, पहिल्यांदाच, आणि लाँच सरळ त्या काठाकडे घातली. मला थांब म्हणावंसं वाटत होतं आणि लवकर चल म्हणावंसंही वाटत होतं.

काठ रिकामा होता. ओली, गुळगुळीत वाळू, तिच्यावर एक पाऊल नाही. मी बॅटरी मारली. पाण्यापासून चार हातांवर वाळूत चार लहान खड्डे होते, खाटेचे पाय रुतावेत तसे, खाटेच्याच अंतरावर. वाळूत खरबुजांची डांगरवाडी लावणारे लोक राखणीला खाट टाकतात, हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगते. फक्त डांगरं लावायला अजून महिना होता.

रशीद लाँचमधून उतरला नाही. आम्ही दोघं त्या खड्ड्यांपाशी उभे राहिलो.

"भाऊ," मी म्हणाले, "त्या दिवशी मी दोनदाच हाक मारली होती."

"मालूम हाय."

"मला तुमची रीत माहीत नव्हती. तिला झटका आला, मी मागं गेले. नाही तर मारली असती. शंभरदा मारली असती."

"मालूम हाय, बाई." तो खाली वाळूकडे पाहत होता. "मी डोंग्यातच होतो. दोर सोडला होता, वल्हं हातात होतं. तुमचा आवाज बी वळखला होता."

"ओळखला होता? मग?"

"बाप म्हने, ते वळखीचाच आवाज घेऊन येते. म्हनून म्हटलं, तिसरी येऊ दे. लय वेळ बसून राह्यलो. तिसरी आली तं कसा सपाट्यानं जाईन, तेच मनात होतं. मंग तुमच्या काठावर रडनं सुरू झालं."

वर्षभर मी या माणसाला दारुडा ठरवलं होतं. तो पलीकडे दोर सोडून, वल्हं धरून माझ्या एका हाकेसाठी बसला होता, आणि मी इकडे त्याच्यासाठी. मला रडू आलं आणि मी रडले. सरकारी नोकरीत इतक्या मरणांना हजर राहिले, पण शेवंतासाठी तोवर रडले नव्हते, रागानं रडू दिलं नव्हतं. पतरूभाऊ बाजूला तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

तिथून सावरघाटपर्यंत चाक त्याच्याच हातात होतं. कंदील घेऊन अर्धं गाव घाटावर आलं होतं. लाँच लागली, आणि पतरूभाऊ चाकाशी उभा आहे हे दिसल्यावर लोकांनी हार बाजूला ठेवून आधी आत चढायला गर्दी केली.

यंदाच्या पावसाळ्यात तीन बाळंतिणी चामोर्शीला गेल्या आणि तिघी लेकरं घेऊन परत आल्या. त्यातल्या एकीच्या पोराचं नाव काय ठेवावं यावरून घरात भांडणं चालू आहेत, ती मिटवायलाही मलाच बोलावतात. आता दिवे लागल्यावरही पतरूभाऊ पहिल्याच हाकेला निघतो. त्याच्या जातीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला बोल लावला, त्यानं ऐकून घेतलं आणि जात राहिला. पुष्कळदा पलीकडे खरंच कोणीतरी असतं. कधीकधी नसतं. सरपंच डिझेलवरून कुरकुरतात, तेव्हा तो म्हणतो, "रिकामा येईन. पन जाईन."

अशी रिकामी लाँच परत येते तेव्हा मी कधीकधी घाटावर असते. पायऱ्यांना लागल्यावर तो लगेच दोर बांधत नाही. इंजिन बंद करतो, हात पुढं करून उभा राहतो, अवघडलेल्या बाईला सावकाश उतरायला लागेल एवढा वेळ. तेवढा वेळ मी पायरीवर एका बाजूला सरकून वाट देते.